मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलांना खुले पत्र: अंत्यसंस्काराचं पान वेगळं काढा

वकील मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर मृत्युपत्र करायला बसलेल्या माणसाने एक अवघड काम आधीच उरकलेलं असतं. ‘मी गेल्यावर’ हे शब्द त्याच्या तोंडून निघालेले असतात. घरी हे शब्द काढले की बायको उठून आत जाते, मुलगा म्हणतो ‘काहीतरीच काय बोलता’, मुलगी विषय बदलते. तुमच्या टेबलाशी मात्र कुणी दचकत नाही. घर कुणाला, ठेवी कुणाला, दागिने कसे वाटायचे, मुलगा आधी गेला तर त्याचा वाटा कुणाकडे, हे सगळं तुम्ही शांतपणे विचारता आणि माणूस उत्तरं देत जातो. म्हणून हे पत्र मी डॉक्टरांना किंवा धर्मगुरूंना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. आपल्या देहाचं काय व्हावं, हे माणसाला विचारण्याची सगळ्यात सोयीची जागा तुमच्याकडे आहे. पण बहुतेक वेळा तिथे हा प्रश्न निघतच नाही.

आणि निघालाच, तर उत्तर चुकीच्या कागदावर जातं. मला मुख्यतः बोलायचंय ते याबद्दल.

मृत्युपत्र कधी वाचलं जातं? माणूस गेला, नातलग आले, अंत्यसंस्कार झाले, पाहुणे परतले, मृत्यूचा दाखला हातात आला, मग कधीतरी कुणीतरी म्हणतं, ‘कागदपत्रं बघायला हवीत.’ कधी ते लॉकरमध्ये असतं, कधी तुमच्या कपाटात, कधी सीलबंद पाकिटात. घर आणि ठेवींच्या दृष्टीने या उशिराने काही बिघडत नाही, त्या कुठे पळून जात नाहीत. देह थांबत नाही. त्याचा निर्णय काही तासांत, फार तर काही दिवसांत होऊन जातो. अंत्यसंस्काराची इच्छा मृत्युपत्राच्या कलमांत घालणं म्हणजे ती नेमकी अशा कागदावर लिहिणं, जो ती पार पाडायची वेळ टळून गेल्याशिवाय कुणी उघडणार नाही.

माझ्या मावशीचं असंच झालं. तिला देहदान करायचं होतं. वकिलांनी ते नीट, स्वच्छ भाषेत लिहून घेतलं होतं, ठेवींच्या कलमानंतर आणि साक्षीदारांच्या सह्यांच्या आधी. ती गेली त्याच संध्याकाळी तिचं दहन झालं. मृत्युपत्र वाचलं गेलं तेव्हा माझा मावसभाऊ त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘हे मला कुणी सांगितलं का नाही?’ मावशीला वाटलं होतं, लिहिलंय म्हणजे सांगितलंय. तिने चांगला वकील गाठला होता, वेळेत मृत्युपत्र केलं होतं, दोन धडधाकट साक्षीदार आणले होते. तिच्या बाजूने काही राहिलं नव्हतं. त्या खोलीत फक्त एक वाक्य बोललं गेलं नाही: ‘ही गोष्ट या कागदात लिहून भागणार नाही, आज घरी जाऊन मुलाला सांगा.’

नात्यात, ओळखीत कुणी गेलं की मला बोलावणं येतं. दाखला, शववाहिका, फोन, ही कामं मी करते, करत आले आहे. त्यामुळे त्या पहिल्या काही तासांत घरात काय चालतं ते मला जवळून माहीत आहे. कुणीतरी फोन कानाला लावून दारात उभं असतं आणि आत वळून विचारतं, ‘कधी ठरलं म्हणून सांगू?’ ठरलेलं काहीच नसतं. एक मुलगा दूरदेशी आहे, त्याच्यासाठी थांबायचं का, आणि थांबायचं तर किती? विधी करायचे का? बाई आयुष्यभर देवधर्म न मानणारी, पण तिचा भाऊ म्हणतो, निदान आता तरी. तिला डोळे द्यायचे होते असं शेजारीण सांगते, पण फॉर्म भरला होता का ते कुणाला ठाऊक नाही. एवढ्यात शववाहिकावाला खालून विचारतो, न्यायचं कुठे. आणि हे सगळे प्रश्न ज्याच्यावर येऊन पडतात, त्याची आई तासाभरापूर्वी गेलेली असते.

अशा वेळी सगळ्यात ठाम आवाज ज्याचा, त्याचं चालतं. तो माणूस वाईट असतो असं नाही. फक्त तो गेलेल्या व्यक्तीच्या सगळ्यात जवळचा असतोच असंही नाही.

आता तुमच्या शास्त्राबद्दल थोडं, कारण इथे कायदा आपल्याला वाटतो तितका आधार देत नाही. मृतदेह ही कुणाची मालमत्ता नाही, म्हणून मृत्युपत्राने त्याची विल्हेवाट लावता येत नाही, हे तत्त्व तुम्हाला पाठ असेल. इंग्लंडमधला ‘विल्यम्स विरुद्ध विल्यम्स’ हा 1882 सालचा निकाल त्यासाठी सांगतात. हेन्री क्रुकेंडन नावाच्या गृहस्थाने आपला देह दहन करावा अशी इच्छा लिहून ठेवली होती आणि ते काम मिस विल्यम्स या मैत्रिणीवर सोपवलं होतं. तो गेल्यावर घरच्यांनी त्याला पुरलं. तिने पुढे देह उकरून काढला, इटलीत मिलानला नेऊन त्याचं दहन केलं आणि इच्छेप्रमाणे खर्च मिळावा म्हणून दावा लावला. ती हरली. देहात मालकी नाही, म्हणून अशी सूचना कायद्याने बांधील नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ज्या मैत्रिणीने दिलेला शब्द पाळायला एवढा आटापिटा केला, तिच्या हाती काहीच लागलं नाही.

जगात सगळीकडे असंच आहे असंही नाही. फ्रान्सने 15 नोव्हेंबर 1887 रोजी अंत्यसंस्काराच्या स्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदाच केला. मृत्युपत्र करायला पात्र असलेली व्यक्ती आपला अंत्यसंस्कार धार्मिक व्हावा की नाही आणि कसा व्हावा हे ठरवू शकते, आणि ते डावलणाऱ्याला शिक्षा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आपल्या देहाविषयी निर्णय घेणारा माणूस आधीच लेखी नेमून ठेवता येतो. पण जिथे असं काही नाही, तिथे शेवटी भरवसा राहतो तो त्या दिवशी घरात हजर असलेल्या माणसांवर. त्यांना आधी माहीत असेल तर बहुतेक लोक इच्छा पाळतात. माहीत नसेल तर कसली पाळणार?

मोठ्या माणसांचंही वेगळं झालेलं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जुलै 1799 मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात स्पष्ट म्हटलं होतं की आपलं दफन खाजगी रीतीने व्हावं, मिरवणूक नको, भाषण नको. त्याच वर्षी 14 डिसेंबरच्या रात्री ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी उशाशी बसलेल्या टोबायस लिअर या आपल्या सचिवाला आणखी एक गोष्ट सांगितली: मी गेल्यावर तीन दिवस उलटल्याशिवाय मला दफनगृहात ठेवू नका. जिवंतपणी पुरलं जाण्याची भीती त्या काळात अनेकांना असे. सांगून झाल्यावर त्यांनी ‘समजलं ना?’ असं विचारून खात्रीही करून घेतली. दफन 18 तारखेला झालं. म्हणजे उशाशी सांगितलेलं पाळलं गेलं. मृत्युपत्रात लिहिलेलं मात्र बाजूला राहिलं: सैनिक आले, वाद्यं आली, नदीतल्या जहाजावरून तोफा झाल्या. तुमच्या एखाद्या अशिलाला हा सगळा मुद्दा दोन मिनिटांत समजावायचा असेल तर ही हकीकत सांगा.

पंडित नेहरूंनी 1954 साली लिहून ठेवलं होतं की मृत्यूनंतर आपल्यावर कोणतेही धार्मिक विधी होऊ नयेत. मूठभर रक्षा गंगेत सोडावी आणि उरलेली विमानातून शेतकऱ्यांच्या शेतांवर विखरावी, असंही त्यात होतं. 1964 साली ते गेले तेव्हा दहन धार्मिक विधींनी झालं. रक्षेबद्दलची इच्छा नंतर पाळली गेली. क्रम पाहा: पहिल्या दिवशी करायची गोष्ट राहिली, पुढे सवडीने करायची झाली. त्यामागे इतरही कारणं असतील, देशाच्या पंतप्रधानाच्या घरात घरच्यांचं तरी किती चालणार. पण हा क्रम मी सामान्य घरांतही पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

महात्मा फुल्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती तुमच्या दृष्टीने जास्त उपयोगाची आहे. आपल्याला दहन न करता मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. घरच्यांना सगळं माहीत होतं. तरी 1890 साली ते गेले तेव्हा वस्तीत दफन करायला पालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावं लागलं. म्हणजे इच्छा सांगून ठेवली, तयारीही केली, तरी परवानगी देणारा तिसराच कुणी असेल तर त्याला आधी विचारायला हवं. तुम्ही हे काम फार सहज करू शकता. अशील म्हणाला, ‘मला माझ्या शेतात पुरा,’ किंवा ‘माझी रक्षा अमुक ठिकाणी सोडा,’ तर तिथले नियम काय सांगतात ते तुम्ही त्याच आठवड्यात पाहून देऊ शकता. जमत नसेल तर तो जिवंत आहे तोवर दुसरं काहीतरी ठरवेल.

आज तर पर्यायही वाढले आहेत. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू 26 डिसेंबर 2021 रोजी गेले. थाटमाट नको, साधी स्वस्त पेटी हवी, हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या देहाचं दहन न करता पाणी, अल्कली आणि उष्णता वापरून विघटन करण्याची पद्धत वापरली गेली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने 2019 साली देहाचं मातीत रूपांतर करण्याला कायद्याने मान्यता दिली. पण एका ठिकाणी चालतं ते दुसरीकडे चालत नाही. कुठेतरी वाचून एखादी पद्धत मनात धरून बसलेल्या माणसाला खरी स्थिती सांगणारं कुणीतरी हवं.

देहदानाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे चांगली इच्छा सगळ्यात जास्त वेळा वाया जाते. लोकांना वाटतं फॉर्म भरला की झालं. शवविच्छेदन झालेलं असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, देह फार उशिरा पोचला असेल, तर वैद्यकीय महाविद्यालय तो नाकारू शकतं. इतर अवयव काढलेला देहही बहुधा घेत नाहीत. नेत्रदान मात्र देहदानाच्या आड सहसा येत नाही. म्हणून देहदान लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: ‘आणि नाकारलं तर?’ मी अशी घरं पाहिली आहेत जिथे महाविद्यालयाचा नकार आल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, कारण पुढचं वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘घेतलं तर उत्तम, नाहीतर साधं दहन, विधी नकोत.’ बस, एवढीच ओळ लागते.

इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचं उदाहरण यात मला पहिल्यापासून आवडतं. इंग्लंडात शवविच्छेदनाचं नाव काढलं तरी लोक शहारत त्या काळात त्यांनी आपला देह अभ्यासासाठी दिला. पण ‘वैद्यकशास्त्राला दिला’ असं मोघम लिहून ते थांबले नाहीत. साउथवुड स्मिथ या डॉक्टर मित्राचं नाव त्यांनी लिहिलं, आणि त्या मित्राला ते माहीत होतं. जून 1832 मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच स्मिथ यांनी त्यांच्या देहावर लोकांसमोर व्याख्यान देत विच्छेदन केलं. त्यांचा कपडे घातलेला सांगाडा आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहे. एवढी विचित्र इच्छा पार पडली, कारण ती एका नाव असलेल्या, तयार असलेल्या माणसाच्या हातात दिलेली होती.

नेत्रदानाचं तर सगळं तासांवर असतं. साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवायची, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय खूप होतं, यातलं काहीही आड येत नाही. हे दोन-चार वाक्यांत मावतं. पण ते कपाटातल्या फाइलमध्ये असून काय उपयोग, जो माणूस त्या वेळी खोलीत आहे त्याच्या डोक्यात हवं. आणखी एक बारीकशी गोष्ट: शरीरात पेसमेकर असेल तर दहनापूर्वी तो काढावा लागतो, नाहीतर उष्णतेने त्याचा स्फोट होऊ शकतो. बाहेर राहणाऱ्या मुलाला आईला पेसमेकर बसवलाय हे माहीत असतं, पण त्या दिवशी ते आठवतंच असं नाही. ‘शरीरात बसवलेलं काही उपकरण आहे का?’ ही ओळ तुमच्या कागदावर असायला काय हरकत आहे?

तर माझी मागणी अशी. मृत्युपत्राला हात न लावता एक वेगळं पान तयार करा. एकच पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलंही नको. त्यावर सगळ्यात वर एका माणसाचं नाव असू द्या: त्या दिवशी अंतिम शब्द कुणाचा. माझ्या मते या सगळ्यातला हा एकच प्रश्न असा आहे की बाकीचे सुटले नाहीत तरी तो सुटला पाहिजे. भावंडांत कोण, बायको की मुलगा, की दोघांपेक्षा धीराची अशी एखादी भाची. मालमत्तेचा व्यवस्थापक नेमताना तुम्ही हिशेबाला पक्का माणूस बघता. इथे माणूस वेगळा लागतो. रडत असतानाही फोन उचलणारा आणि चुलत्यांना ‘नाही, तिची इच्छा अशी होती’ असं सांगू शकणारा. तो जवळपास राहणारा असला तर फार बरं. आणि त्याला विचारून मगच नाव लिहा.

त्याखाली देहाचं काय, डोळे आणि अवयव द्यायचे का, विधी हवेत की नकोत, आणि दूरच्या माणसांसाठी किती थांबायचं. हा शेवटचा प्रश्न कुणी लिहून ठेवत नाही, आणि त्यावरून झालेली भांडणं सगळ्यात जास्त काळ टिकतात. ‘माझ्यासाठी थांबले नाहीत’ हे वाक्य मी माणसांच्या तोंडून कितीतरी वर्षांनीही ऐकलं आहे. आईने स्वतःच लिहून ठेवलं असतं की ‘थांबू नका, नंतर सगळे एकत्र जमा,’ किंवा उलट ‘धाकटी येईपर्यंत मला ठेवा,’ तर तो राग कुणावरच निघाला नसता.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, अंत्यसंस्कार मागे राहिलेल्यांसाठी असतो, मेलेल्याने त्यात किती ढवळाढवळ करायची? हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो. कुठला फोटो, कुठलं गाणं, कुणी कुठे उभं राहायचं, कुणी बोलायचं, इथपर्यंत लिहून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांनी तो दिवस यादी तपासण्यात घालवला. एका मुलीला वडिलांच्या पायाशी थोडा वेळ नुसतं बसायचं होतं, आणि तिला कुणीतरी सांगत होतं की कागदावर पुढचं काम काय आहे. असं पान कुणाच्याच कामाचं नाही. म्हणून तुम्हीच अशिलाला थांबवा. ज्यावरून भांडण होऊ शकतं आणि जे एकदा केल्यावर परत फिरवता येत नाही, तेवढंच ठरवून ठेवा. दहन की दफन की दान, विधी की नाही, अंतिम शब्द कुणाचा. फुलं, गाणी, भाषणं हे सगळं माणसांवर सोडा. त्यांना त्या दिवशी हातांना काहीतरी काम लागतंच.

विधींच्या बाबतीत आणखी एक सुचवते. ‘विधी नकोत’ म्हणणाऱ्या अशिलाला विचारा, तुमच्या बायकोला हवे असतील तर? बरीच माणसं क्षणभर थांबतात आणि म्हणतात, तिला हवे असतील तर करू दे. काही म्हणतात, नाही, माझ्या देहावर नकोत, नंतर घरी तिला काय करायचं ते करू दे. दोन्ही उत्तरं मागे राहिलेल्या बाईला फार मोठा दिलासा देतात, कारण मग आपण त्याच्या मनाविरुद्ध वागलो ही बोच तिला आयुष्यभर लागत नाही.

हे पत्र लिहायला मला सगळ्यात जास्त भाग पाडलं ते एका वेगळ्याच गटातल्या माणसांनी, आणि ती माणसंही तुमच्याकडे येतात. ज्यांचं लग्न झालेलं नाही. जे ज्या जोडीदारासोबत आयुष्यभर राहिले, त्याला कागदोपत्री काही स्थान नाही. ज्यांनी घर सोडलं किंवा ज्यांना घराने सोडलं. ज्यांचं खरं कुटुंब म्हणजे दोन मैत्रिणी आणि एक शेजारी. ही माणसं गेली की कायद्याच्या नजरेतला सगळ्यात जवळचा नातलग शोधला जातो. तो कधी वर्षानुवर्षं न बोललेला भाऊ निघतो. तो येतो, आपल्या समजुतीप्रमाणे सगळं करतो आणि जातो. आणि जिने शेवटच्या आजारपणात रात्री जागवल्या, ती मैत्रीण मागे कुठेतरी उभी असते, तिला कुणी काही विचारत नाही. त्या भावाला दोष देऊन काय मिळणार, त्याला जे माहीत होतं ते त्याने केलं. पण अशा अशिलासाठी वेगळं पान ही सोय राहत नाही, ती निकड होते. तुमच्याकडच्या कायद्यात देहाचा निर्णय घेणारा माणूस नेमायची तरतूद असेल तर ती वापरा. नसेल तर सही केलेलं, साक्षीदार असलेलं, तारीख घातलेलं पान त्या मैत्रिणीच्या हातात द्या आणि त्याची एक प्रत अशील जिवंत असतानाच त्या भावाला पाठवा. न्यायालयात त्याचं वजन किती, ते तुम्ही सांगाल. दारात उभ्या असलेल्या भावासमोर त्याचं वजन असतं, हे मी सांगते.

पैशाचं थोडक्यात. माणूस गेल्याचं बँकेला कळलं की एकट्याच्या नावावरचं खातं थांबतं, आणि खर्च मात्र त्याच दिवशी सुरू होतो. तेव्हा तो कुठून करायचा, हे पानावर असू द्या. काही देशांत अंत्यसंस्काराचे पैसे आधीच भरून ठेवायच्या योजना विकल्या जातात. ब्रिटनमध्ये अशी एक मोठी कंपनी बुडाली आणि हजारो वयस्क माणसांचे पैसे अडकले. या योजनांवर तिथल्या वित्तीय नियामकाची देखरेख सुरू झाली ती 29 जुलै 2022 पासून. अशिलाने असे पैसे भरले असतील तर ते कुणाकडे आहेत, कंपनी बंद पडली तर काय, आणि दुसऱ्या गावी मृत्यू झाला तर योजना लागू आहे का, हे एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. अमेरिकेत 1984 पासून अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांना प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लेखी द्यावी लागते. असा नियम नसेल तिथेही तशी यादी मागता येते, आणि ती मागायची तर जिवंतपणी मागावी. त्या दिवशी घरचे घासाघीस करत नाहीत.

पान जुनंही होतं. विन्स्टन चर्चिल यांच्या अंत्ययात्रेची आखणी 1953 साली सुरू झाली आणि ते गेले 1965 मध्ये. मधल्या काळात ती पुन्हा पुन्हा बदलावी लागली, कारण आखणीत ज्यांची नावं होती ती माणसंच आधी जात राहिली. तुमच्या अशिलाचंही तेच होईल. ज्याचं नाव वर लिहिलं तो आजारी पडेल, परदेशी जाईल, दुरावेल. वेगळ्या पानाचा मोठा फायदा इथेच आहे. ते बदलायला मृत्युपत्राची पुरवणी लागत नाही, पुन्हा सगळा खटाटोप लागत नाही. जुनं फाडायचं, नवीन लिहायचं, तारीख घालायची. फक्त ज्या ज्या हातांत जुनी प्रत आहे तिथून ती परत आणायला हवी. म्हणून प्रती कुणाकुणाकडे आहेत हे पानाच्या तळाशी लिहा.

हे काम आपलं नाही असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. मृत्युपत्र हा कायद्याचा दस्तऐवज, आणि हे पान कदाचित कायद्याने बांधीलही नाही, मग त्याला वकील कशाला? मला वाटतं, बांधील नाही म्हणूनच तुम्ही लागता. ज्या गोष्टीला कायदा पुरेसा आधार देत नाही ती कशी टिकवायची, कुणाला सांगायची, कुणासमोर सही करायची, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? शिवाय माणूस तुमचं ऐकतो. मी माझ्या शेजाऱ्यांना ‘मुलांशी बोला’ म्हटलं की ते हसून सोडून देतात. तुम्ही म्हणालात, तर ते घरी जाऊन बोलतात.

पुढच्या वेळी कुणी मृत्युपत्र करायला आलं, की मसुदा पूर्ण झाल्यावर हे पान पुढे ठेवा. भरायला फार वेळ लागत नाही, कारण बहुतेकांनी मनात ते केव्हाच भरलेलं असतं, कुणी विचारायची वाट पाहत असतात. सह्यांच्या दिवशी, ज्याचं नाव वर लिहिलंय त्याला बरोबर घेऊन यायला सांगा. आणि त्याच्यासमोर अशिलाला ते पान स्वतः मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही वाचू नका. मग एक प्रत त्याच्या हातात द्या, आणि फोनमध्ये तिचा फोटो तिथेच काढायला सांगा. तुमच्या पक्षकारांसाठी याचा कोरा नमुना हवा असेल तर मी आनंदाने पाठवेन. माझं स्वतःचं पान भरून झालंय, माझ्या भाचीकडे आहे.

आपली नम्र,
तुमच्याकडे मृत्युपत्र करून गेलेल्यांपैकी एक